यमीचं वावर

दसरा उलटला, की खामगावच्या रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस कसा लागेल म्हणा! जिनिंगकडे निघालेल्या गाड्या तोंडापर्यंत भरलेल्या असतात, वळणावर फांद्या गाडीला घासतात आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकून राहतात. नवखा माणूस म्हणेल, काय सुंदर दिसतंय. माझं मात्र डोकं फिरतं. एस.टी.च्या खिडकीशी बसून मी त्या पुंजक्यांकडे बघते आणि मनातल्या मनात एका माणसाशी कडाकडा भांडते. माझी मुलगी शेजारी असली तर कोपर मारते. "आई, एकटीच काय हात हालवून राह्यली तू? लोक पाहून राह्यले." पाहू देत की. माझ्या वयाच्या बाईला भांडायला माणूस समोरच लागतो असं थोडंच आहे!

माझं माहेर पिंपळगाव राजाजवळचं. गाव एवढंसं, पण वावरांना, शेताच्या एकेका तुकड्याला, नावं किती! शिवारात शिरलं की माणसांच्या वस्तीत शिरल्यासारखं वाटायचं. ओढ्याच्या अलीकडे भांडण्याचं वावर. तिथे म्हणे दोन भाऊ धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, एकच दगड सरकवत जन्मभर भांडले, एकानं सांजेला इकडे सरकवायचा, दुसऱ्यानं सकाळी तिकडे. त्यांची नातवंडं एका ताटात जेवायची, पण नाव काही सुटलं नाही. पलीकडे जावयाचं बरड. सासऱ्यानं घरजावयाला शिवारातला सगळ्यात खडकाळ तुकडा दिला, तर जावई भरल्या पंगतीत म्हणाला, "मामांजीनं जमीन नाही देली, मन दाखवलं." त्याच्या पुढे पिराची पट्टी, जिच्या उत्पन्नातून पिराच्या दिव्याला तेल जायचं. मग रडकं वावर, ज्याच्या धुऱ्यातून हिवाळ्यातही पाणी पाझरायचं. आणि सुनेचं वावर. तिथे निंदण करताना एक सून बाळंत झाली होती, तिनं विळ्यानं नाळ कापली, पोर पदरात घेतलं आणि उरलेली पात पुरी करूनच घरी गेली म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण ते सांगताना बाबांचा आवाज जड व्हायचा, अन् मला त्या सुनेचा फार अभिमान वाटायचा.

हे सगळं बाबांनी सांगितलेलं. सकाळी वावरात जाताना मी त्यांच्या बोटाला आणि माझा धाकटा भाऊ दिगू त्यांच्या खांद्यावर. "वावराले नाव असंच पडत नसते, यमे," ते म्हणायचे. "तठी काहीतरी घडा लागते. कोणी रडा लागते, नाही त कोणी हसा लागते. अन् एक ध्यानात ठेवजो. मालकानं ठेवलेलं नाव वावराले लागत नाही. लोकाच्या तोंडी बसलं, तेच नाव."

"मंग लोकाच्या तोंडी कसं बसते?" दिगूनं एकदा वरून विचारलं.

"रोजच्या कामात आलं की बसते," बाबा म्हणाले. "बस, कामात आलं पाह्यजे."

दोघांनीही ऐकलं होतं ते. मी ऐकून विसरून गेले. तो नाही विसरला.

आमच्या एका तुकड्याचं नाव गोटाडी. नावाप्रमाणेच गोट्यांनी भरलेला. औत घातलं की फाळ खणाणायचा आणि बैल थांबून मागे बघायचे. त्या तुकड्यातले दगड मी वेचले. एका उन्हाळ्यात नाही, शाळेला सुट्टी लागली की दर उन्हाळ्यात. दिगूला निंबाखाली बसवायचं, त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि टोपल्यात गोटे भरून धुऱ्यावर नेऊन टाकायचे. दगड असे तापलेले असायचे की बोटांची कातडी सोलून निघायची. आई म्हणायची, पोरीची जात, हात राकट झाले तर कोण पत्करेल? बाबा हसायचे. धुऱ्यावर ढीग वाढत गेला, तुकडा मऊ होत गेला, आणि एका साली तिथे कापसाची कंबरेएवढी झाडं, पऱ्हाटी, उभी राहिली. कोण्या वाटसरूनं विचारलं, एवढी चांगली पऱ्हाटी कोणाची गा? तेव्हा शेजारच्या पट्टीत काम करणारी हमीदाची आई म्हणाली, "यमीचं वावर हे. पोट्टीनं गोटे वेचले याचे." झालं. दिवाळीपर्यंत गोटाडी हे नाव कोणाच्या तोंडात राहिलं नाही.

माझ्या लग्नात बाबा मांडवात उभे राहिले आणि चार लोकांसमोर बोलले, "यमीच्या वावराचा पहिला वेचा दरसाल यमीचा. चोळीबांगडीसाठी." लोकांनी मान डोलावली. आमच्याकडे तशी रीतच होती. लेकीला जमीन द्यायची नाही, पण एखाद्या वावरातलं काहीतरी तिच्या नावानं ठेवायचं, म्हणजे त्या निमित्तानं तिचं येणंजाणं राहतं. मी रडत होते, तरी तेवढं ऐकलं आणि रडता रडता हसले.

सासरी मेहकरला पहिल्याच दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, सुलोचना. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं, माणूस सरळ. पुढे मी अंगणवाडीत लागले, तिथेही सुलोचनाबाईच. सासूबाईंनी, नवऱ्यानं, पोरांच्या मास्तरांनी कोणीच मला कधी यमी म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हणावं तरी कशाला! यमी ती तिकडे राहिली, पऱ्हाटीत. वर्षातून एकदा जायचं आणि तिला भेटून यायचं. पहिल्या वेच्याला मी जायची ती कापसासाठी नव्हे हो. कापूस तो काय, जुन्या वाणाचा. तो फुटायचाच मुळी रुसत-फुगत, आज या झाडाला चार बोंडं, उद्या त्या झाडाला दोन. पुढे होळीपर्यंत वेचण्या चालायच्या. पहिल्या वेच्यात एखादी गादी नाहीतर बाळंतिणीची दुलई भरेल, इतकाच कापूस निघायचा.

पण तो दिवस! सकाळी पऱ्हाटीवर इतकं दव असायचं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं आणि पायांना चिकटायचं. वेचणीआधी सीतादही व्हायची. धुऱ्याजवळ पाच खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं, पाच झाडांना कापसाच्या पेळूची माळ घालायची आणि दहीभात चारी कोपऱ्यांना शिंपायचा. दहीभात आई शिंपायची. आणि हाक द्यायची ती वेचणाऱ्या बायांची जी म्होरकी असेल तिनं, मग ती कोणत्या का घरची असेना. म्होरकी म्हणजे माझी हमीदा. लहानपणापासूनची मैत्रीण, आवाज असा की भांडण्याच्या वावरातले बगळे उठावेत. तोंडाशी हात धरून ती ओरडायची, "यमीच्या वावराची पहिली वेचणी! पहिला वेचा कोनाचा?" अन् साऱ्या बाया एका दमात, "यमीचा!"

ओटी बांधून मी पहिलं बोंड वेचायची. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कोपऱ्यात शिरायची, रक्त यायचं. ते बोट तोंडात घालून मी उभी राहायची आणि शिवारभर माझं नाव ऐकू जाताना ऐकायची. बाई म्हणून जन्माला आल्यावर एवढं तरी असावं ना माणसाला? कुठेतरी, कोणाच्या तरी तोंडी, आपलं पहिलं नाव?

बाबा गेले, मग आई गेली. दिगूनं शब्द पाळला, उगाच कशाला खोटं बोलू. दर वर्षी दुकानाशेजारच्या फोनवर निरोप यायचा, "ताई, बोंड फुटलं, ये." मी जायची. त्या सालांमध्ये शेतीची दशाच होती. हिरवी अळी बोंडं पोखरायची, फवारणीचा वास अंथरुणा-पांघरुणाला यायचा, पेपरात रोज कोण्या ना कोण्या गावची वाईट बातमी. दिगू वाळून काठी झाला होता. मग ते पाकिटातलं बी आलं. अळीच लागत नाही म्हणे! पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना. पण दिगूनं यमीच्या वावरात ते लावलं, आणि त्या साली मी गेले तर पऱ्हाटी ओळखू येईना. दसऱ्यालाच सगळं वावर एकदम फुटलेलं, जमीन दिसत नव्हती. बाया वेचता वेचेनात. माझ्या ओटीतला पहिला वेचा त्या वर्षी बैलगाडीत मावला नाही. मी वेड्यासारखी हसत सुटले. "दिगू, बाबाचा शब्द पावला रे!" तोही हसला. आता आठवतं, तो तोंडानं हसला होता.

मला कळायला पाहिजे होतं. जुना कापूस शेवटपर्यंत देत राहायचा, त्याचा पहिला वेचा म्हणजे वानगी. या नव्या बियाचं सगळं देणं सुरुवातीलाच. पहिल्या वेच्यातच निम्मं वावर घरी येतं, पुढचा माल कवडी, मग पऱ्हाटी उपटायची. बाबांनी शब्द दिला होता जुन्या कापसाचा. शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटातला कापूस वाढला. पण हे बायकांच्या डोक्यात कुठे येतं, ओटी भरलेली असताना!

पुढच्या साली फोन आला, "ताई, यंदा फूट मांग आहे. दिवाळी झाल्यावर सांगतो, मंग ये." मी म्हटलं बरं. दसऱ्याच्या मागे-पुढे दुकानासाठी अस्तराचं कापड आणायला खामगावला निघाले, तर रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या. सगळ्यांचा फुटला आणि माझ्याच भावाचा मागे? खामगावला उतरले, कापडाचं राहू दिलं आणि पिंपळगावच्या गाडीत बसले. तरी मनात वाईट आलं नव्हतं, शपथ. वाटलं, पावसानं घोळ केला असेल त्या बाजूला.

धुऱ्यावर चढले तर पहिल्यांदा दिसला बोर्ड. पत्र्याचा, माणसापेक्षा उंच, वर भलंमोठं बोंड आणि फेटेवाला एक गुबगुबीत माणूस हसणारा. बियाणंवाल्यांनी लावलेला. त्या बोर्डाखाली पाच खडे मांडलेले. भावजय दहीभात शिंपत होती. मी हाक मारणार इतक्यात हमीदानं तोंडाशी हात धरला.

"बोर्डाच्या वावराची पहिली वेचणी! पहिला वेचा कोनाचा?"

"मालकाचा!"

एकीचीही जीभ अडखळली नाही. मीच उभ्या उभ्या अडखळले, गोट्यांच्या ढिगाला हात टेकला. हमीदानं मला पाहिलं आणि तिचा तोंडाशी धरलेला हात तसाच राहिला.

"दिगू, काय बे हे?"

"ताई? तू कशी काय आली?"

"गाडीनं आली. फूट मांग होती ना तुयी?"

तो लाल झाला, पण मान खाली घातली नाही. "वावरात बोर्ड लागला त लोक बोर्डाचं म्हणतात. लोकाच्या तोंडाले मी हात लावू का?"

"लोक म्हणतात, का तू म्हणायले लावलं?"

"मी एका शब्दानं कोनाले सांगितलं नाही. इचार हमीदाले."

आणि ते खरं होतं! तीच तर कळ होती. त्यानं कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त बायांचा चहा बोर्डाखाली ठेवला होता. पात बोर्डापासून धरा, पाटी बोर्डाजवळ ठेवा, मजुरी बोर्डापाशी घ्या. रोजच्या कामात नाव आणून ठेवलं, बस. यमीचं वावरच राहिलं नाही, तर त्याचा पहिला वेचा यमीचा कसा? बाबांच्या खांद्यावर बसून शिकलेली विद्या त्यानं बाबांच्याच शब्दावर चालवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. कापला गेला तरी रक्त कुठे दिसत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच काहीतरी भास झाला.

"ताई, आता पहिला वेचा म्हंजे निम्मं वावर," तो म्हणाला. "बाबानं शब्द देला तवा काय निघे? आता तो तुले देल्यावर आमी मांगून काय वेचावं, काड्या?"

"हे मले फोनवर काऊन नाही सांगितलं? मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं," दिगू म्हणाला. "मले मालूम होतं. म्हणूनच नाही सांगितलं. मांगितलं असतं त ते तुयं देणं झालं असतं. जन्मभर लोक म्हनले असते, बहिणीनं सोडलं म्हणून दिगूचं भागलं. मले कोनाचं देलेलं नको होतं, ताई. मले मायं पाह्यजे होतं."

मी आजवर पुष्कळांचं पुष्कळ ऐकलं आहे. पण इतकं खरं बोलून इतकं दुखावलेलं मला कोणी आठवत नाही. माझा कापूस त्याला नको होता, माझं मोठेपणच त्याच्या डोळ्यात खुपत होतं. ज्याला निंबाखाली बसवून मी तांब्या भरून ठेवत होते, तो तिथे बसून काय मोजत होता, कोण जाणे.

परतताना हमीदा धुऱ्याच्या टोकापर्यंत मागून आली. "यमे, थांब वं."

"मी यमी कोन? बोर्डाच्या वावरात यमी कुठून आली?"

"तोंड सोड मायावर, सोड. पन ऐक. मले बायांची टोळी चालवा लागते. तुया भावाच्या घरी वेचणी नाही त आमी कुठी जावं? म्या जुनं नाव घेतलं असतं त त्यानं दुसऱ्या गावच्या बाया आणल्या असत्या. तू त वर्सातून एक रोज येतं. आमाले रोज याचं आहे याच धुऱ्यावर."

बरोबर होतं तिचं. अगदी बरोबर. म्हणून तर जास्त झोंबलं. चुकीच्या माणसाशी भांडता येतं, बरोबर माणसाशी काय करायचं? मी पदरानं डोळे पुसत चालू लागले. नांदुऱ्याच्या बाजूनं एक गाडी कापूस टाकून रिकामी परत येत होती. गाडीवानानं विचारलं, "कुठी जाणं आहे, बाई?"

त्यानंतर दर कार्तिकात मी एकटीच बसून बाबांच्या गोष्टी उलगडत बसायची. आणि हळूहळू त्या गोष्टींचीच मला चीड येऊ लागली. सुनेचं वावर, जिथे ती नाळ कापून पात पुरी करून घरी गेली. ते वावर होतं कोणाचं? तिच्या सासऱ्याचं, मग दिराच्या पोरांचं. तिला काय मिळालं? नाव. शिवारात एक बुढीचं वावरही होतं, तिनं एकटीनं गोफण घेऊन आयुष्यभर राखण केली. ते पुतण्यांचं. आत्याची पट्टी भाच्यांची. बाईच्या नावाचं एकही वावर त्या बाईचं नव्हतं हो! भांडण्याचं वावर भांडणाऱ्यांनी वाटून घेतलं, जावयाचं बरड का होईना, पण जावयालाच मिळालं. आम्हाला जमीन द्यायची नव्हती म्हणून जमिनीला आमची नावं दिली. बाबा, तुमचा एवढा जीव होता माझ्यावर, तर मांडवात उभं राहून हवेत का बोललात? तुम्हाला तर ठाऊक होतं, नाव लोकांच्या तोंडी असतं आणि लोकांचं तोंड ज्याच्या हातून खातं त्याच्याकडे वळतं. तुम्हीच शिकवलं होतंत. दिगूवर रागावणं सोपं आहे. तुमच्यावर रागावले की मला जेवण जात नाही.

माहेर तुटलं. भाऊबीजेला तो आला नाही, मी गेले नाही. कोणाला सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "कोर्टात जायचं का?" मी म्हटलं, कशासाठी, हाकेसाठी? तो मशीन चालवत राहिला.

वर्षं गेली. मग त्या पाकिटातल्या बियानंही दगा दिला. ज्या कापसाला अळी लागत नाही म्हणत होते, त्याला गुलाबी अळी लागली. बोंड बाहेरून धडधाकट, आणि फोडलं की आत किडकं. आमच्या जिल्ह्यात लागली, शेजारच्या जिल्ह्यांत लागली, नवऱ्याच्या भावाकडे लागली, सगळ्यांकडे लागली. बियाणंवाल्यांच्या जीपा दिसेनाशा झाल्या, म्हणे. मी पेपरात वाचायची आणि दिगूचा विचार मनात आला की पान उलटायची.

गेल्या साली दसऱ्याला फोन वाजला. आता फोन हाताशीच, दुकानाशेजारी पळावं लागत नाही. आवाज ओळखायलाच वेळ लागला.

"ताई, पहिल्या वेच्याले ये."

एवढंच बोलला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. म्हटलं, पाझर फुटला. उशिरा का होईना, रक्ताला रक्त आठवलं. मुलीनं नको जाऊ म्हटलं, तिच्यावर ओरडले. जाताना भावजयीसाठी पातळ घेतलं, हमीदासाठी मेहकरचे पेढे घेतले. हमीदावरचाही राग कुठे गेला कळलं नाही.

पिंपळगावच्या स्टँडवर हमीदाच घ्यायला आली होती. पांढरी झाली होती. गळ्यात पडली आणि वाटेनं कानाशी लागून सांगायला लागली. "तुले मालूम आहे का, यमे, आता त्या वावराले काय म्हणतात? हायेचं वावर!"

"काय?"

"यमीची हाय लागली म्हणतात. तू रडत गेली होती ना त्या रोजी. तवापासून एका मागं एक. अळी लागली, बैल मेला, विहीर आटली. बोर्डाचं नाव कोनी काढत नाही आता." आणि मग मान ताठ करून म्हणाली, "पहिल्यांदा म्याच म्हटलं. पाती धरून चाललो होतो, म्या म्हटलं, बहिणीची हाय आहे बाप्पा, सोडन का? तुयाच बाजूनं म्हटलं वं. तुयं नाव परत आणलं त्या वावरात."

हाय म्हणजे दुखावलेल्या जिवाचा तळतळाट. ती लागली की घर बसतं, असं आमच्याकडे मानतात. मी पेढ्याचा पुडा हातात धरून चालत राहिले. हमीदा खुशीत होती. तिच्या हिशेबानं तिनं माझं देणं फेडलं होतं. मी कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही गं, हे तिला सांगावं असं दहा वेळा ओठांवर आलं. पण ज्या वावरातून माझं कष्टाचं नाव पुसताना हिला काही वाटलं नाही, तिथेच माझ्या शापाचं नाव लावून ही माझ्याकडे शाबासकी मागत होती.

वावराच्या तोंडाशी भावजयीनं माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं. बाया वाटेतून बाजूला झाल्या, पदर डोक्यावरून ओढून घेतले. एकीनं कडेवरचं लेकरू पदराखाली झाकलं. माझी नजर लागू नये म्हणून! माझ्या स्वतःच्या गावात, ज्या धुऱ्यावर माझ्या बोटांची सालं गेली, तिथे बाया माझ्यापासून लेकरं झाकत होत्या. बोर्डाचा नुसता एक लोखंडी खांब उभा होता, पत्रा कोणी नेला की वाऱ्यानं गेला देव जाणे.

पाच खडे मांडलेले होते. हमीदानं तोंडाशी हात धरला. आवाज फाटला होता, तरी तिनं सगळा जोर लावला.

"यमीच्या वावराची पहिली वेचणी! पहिला वेचा कोनाचा?"

"यमीचा," बाया म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. देवाच्या कोपापुढे बोलावं तशा हळू, खाली बघत.

इतकी वर्षं याच शब्दासाठी माझा जीव तडफडत होता. तो शब्द आला आणि मला त्याला शिवावंसं वाटेना. तरी ओटी बांधली. पहिलं बोंड धरलं तर ते अर्धवट उघडलेलं, कडक, आतला कापूस पिवळा पडून चिकटलेला. नखानं ओढला. अळी वळवळली आणि पानावर पडली.

दिगू समोर आला. दाढीचे खुंट पांढरे, डोळे आत गेलेले. हात जोडले त्यानं, मला, त्याच्या बहिणीला.

"ताई, एकदा म्हण, हाय काढली म्हणून."

"दिगू, म्या हाय लावलीच नाही रे. अळी साऱ्या जगात आहे. तुया एकट्याच्या वावरात आहे का?"

"हो, ताई. बरोबर आहे तुयं. पन एकदा म्हण."

"लावलीच नाही त काढू काय?"

"म्हण ना, ताई." भावजयीनं पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. बाया पाटी हातात धरून खोळंबल्या होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं. उन्हात पाणी मागताना तो लहानपणी असाच करायचा, तोंड वर करून. नाही म्हणाले असते तर जन्मभर दर किडक्या बोंडात त्यानं मलाच पाहिलं असतं. हो म्हणावं तर मी केलं नाही ते पदरी घ्यायचं. आणि माझं म्हणाल तर मन कधीच भावापुढे शहाणं झालं नाही.

"काढली," मी म्हणाले. "जा, काढली."

साऱ्या वावरानं श्वास सोडला. मागून एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पाह्य. होती म्हंजे. म्या म्हटलंच होतं." हमीदानं विजयानं माझ्याकडे पाहिलं. दिगूनं उपरण्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग माझ्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर आली ती माया नव्हती, तक्रार होती.

"मंग इतके वर्सं काऊन धरून ठेवली वं, ताई?" तो म्हणाला. "आपल्याच भावावर?"